बारबूची शीळ

सां-व्हालेरी,
बुधवार, १७ मार्च १९५४

चि. ओमेर यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडला तर. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या. कोकरं तेवीस झाली, त्यातली दोन गेली. तिकडे तू, तेरेझ आणि पोरगी बरी असाल. साडेसात वर्षांनी पत्र लिहितेय आणि कोंबड्यांचं सांगतेय, तुला हसू येईल. किंवा नाही येणार.

मध्येच उठावं लागलं. माझी कुत्री ग्रिझेत दार खरवडत होती. माजावर आलीय ती, आज नववा दिवस. शेजारच्या देल्फीनचं ते आखूड पायांचं काळं गाठोडं सकाळपासून फाटकाशी ठाण मांडून बसलंय. दोनदा अंगावर बादली ओतली, अंग झटकतं आणि पुन्हा बसतं. देल्फीन म्हणते, "होऊ दे की गं, पिल्लं ती पिल्लंच." मी म्हटलं, "जावई आणलास तेव्हाही असंच म्हणाली होतीस." आता ती माझ्याशी बोलत नाही.

अमियाँचे कोदव्हेल साहेब तुझ्याकडे येऊन गेले ते मला ठाऊक आहे. तिथून ते माझ्याकडेच आले होते. आपली ही पिकार्दीची धनगरी कुत्री कुठे कुठे उरलीत ते गावोगाव फिरून वहीत टिपतात. लढाईनंतर उरलीत किती, तर वहीची दोन पानंही भरत नाहीत. ग्रिझेतला त्यांनी अर्धा तास तपासलं. उंची मोजली, कान चाचपले, पाठीचे केस बोटांत चुरडून पाहिले. छातीवरचा पांढरा ठिपका दिसला तेव्हा चेहरा पडला, मग म्हणाले, चालेल एवढा. जाताना म्हणाले, "बाई, या किनाऱ्यावर हिच्या तोडीची दुसरी नाही. आणि नर एकच आहे, तुमच्या भावाचा मार्की."

तुझं उत्तरही त्यांनी मला सांगितलं. शब्द न् शब्द सांगायची खोड आहे त्यांना. "पाणी चढत असताना मेंढरं टाकून पळालेल्या कुत्र्याची पोर ती. पळपुट्याचं रक्त माझ्या मार्कीला नको."

त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. हे चौथं पत्र. आधीची तीन चुलीत गेली. सारखी उठते, बांधावर जाऊन तुझ्या बाजूला बघते, परत येते. कॉफी गार झाली. ग्रिझेत टेबलाभोवती फेऱ्या घालतेय, मीही तिच्यासारखीच. ती सात वर्षांची आहे. एकदा व्याली तीही फाटकाबाहेरच्या काळ्याच्या बापापासून. पुढच्या खेपेला तिला पिल्लं झेपणार नाहीत. फार तर चार दिवस आहेत आपल्या हातात.

म्हणून लिहिते. आता उठणार नाही.

सप्टेंबरच्या मोठ्या भरतीचा तो दिवस. तू खाऱ्या कुरणाच्या पार टोकाला होतास, पाणी मागच्या चरांतून आत शिरलं होतं. मी जेवायला बोलवायला बांधावर आले तर तुझ्यामागे सगळं चकाकत होतं. बारबू कळपाला वळसा घालून मेंढरं जमिनीकडे वळवत होता. अर्धी वळलीही होती. मी घाबरले, ओमेर. मला मेंढरं दिसलीच नाहीत, तू दिसलास. कुत्रा मागे फिरला की तूही फिरशील असं वाटलं. मी तोंडात बोटं घातली आणि बाबांची शीळ घातली. दोन तोकड्या, एक लांब.

वारा तुझ्याकडून माझ्याकडे होता. तुला ऐकू गेली नाही, बारबूला गेली. बाबांनी आपल्या दोघांना एकच शीळ शिकवली होती, त्याच्या लेखी ती हुकूम होती. तो थबकला. तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे धावत आला आणि मेंढरं पुन्हा पांगली.

त्रेचाळीस बुडाली. तू गळ्यापर्यंत भिजून आलास आणि मला विचारलंस, "हा का आला?"

मी म्हणाले, "कुत्रं आहे. भ्यालं असेल."

तू बंदूक घेतलीस. गोठ्यामागे गेलास. मी अडवलं नाही. तू परत आल्यावर मात्र तुला खाटीक म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तू त्याच आठवड्यात खाडीपलीकडे गेलास. लोक म्हणाले, ताईचं त्या कुत्र्यावर किती प्रेम. मी ते ऐकून घेत राहिले. ग्रिझेत त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मली. ती मेंढरांमागे गेली की अगदी बापासारखी वळसा घेते, आणि मी दुसरीकडे बघते.

माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला. माझ्या हातून झालं ते भीतीने झालं, पण नंतरची साडेसात वर्षं भीतीची नव्हती. ती निव्वळ भेकडपणाची होती. पळपुटी मी, तो नव्हे.

शनिवारी सकाळी पाणी उतरलेलं असेल. ग्रिझेतला घेऊन मी खाडी पायी ओलांडणार आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस. तुझ्या बांधाखालच्या खांबांपाशी थांबेन, वर येणार नाही. त्या दिवसापासून मी शीळ घातलेली नाही. तिथे एकदा घालीन. बांधावर उभा राहून ऐक आणि सांग, ती ऐकून बाबांचा कुठला कुत्रा जागचा हलला नसता?

मार्कीला सोडायचं की नाही ते तू ठरव.

बारबूला परत बोलावणारी,
तुझी ताई
झेली