धागे मोजायचे भिंग

बाबा,

आधी घटना, घडल्या त्याच क्रमाने. भिवंडीच्या रंगखात्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी तुमच्या दोन्ही डोळ्यांत उडाले. बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळाल्या. त्या पेशींचे काम एकच: बुबुळावरचे पारदर्शक आवरण आयुष्यभर नवे करत राहणे. त्या गेल्या आणि तुमची दृष्टी दुधाळ झाली. तपासणीत आम्हा दोघी बहिणींच्या ऊती तुमच्याशी सारख्याच जुळल्या. डॉक्टर म्हणाले, एकीच्या डोळ्याच्या कडेचा तुकडा लागेल. कोणाचा, ते तुम्ही ठरवा.

मी त्याच पेशींवर प्रबंध लिहीत होते. धाकटी दहावीनंतर कामतघरला लूमसाठी सुताच्या कांड्या भरत होती. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग तुम्ही म्हणालात, "मोठीला दुर्बिनीत बगायला लागतं. धाकटीचा घ्या." ती हसली. "घ्या की, माझ्याकडं दोन हायेत."

तुकडा रुजला. पट्टी सुटली तेव्हा तुम्ही प्रथम पाहिलेत ते तिच्याकडे. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला औषधांचा तक्ता तपासत उभी होते. तिच्याशी बोलताना मी आजही तिच्या बुबुळाच्या कडेवर व्रण शोधते. सापडत नाही. मत्सर करायला खूणही उरलेली नाही, तरी मी तो करते.

आणि ते भिंग. कापडाचे धागे मोजायचे तुमचे पितळी भिंग. लहानपणी त्याखाली मी एक धागा कमी मोजला, तेव्हा तुम्ही सगळे पुन्हा मोजायला लावलेत. ते माझेच, असे मी गृहीत धरले होते. अखेरच्या आजारात तुम्ही ते तिच्या हातात ठेवलेत: "डोला जिचा, भिंग तिचं." ती त्यातून औषधांच्या तारखा वाचते आणि ते ओढणीने पुसते. भिंग ओढणीने पुसत नाहीत.

देणाऱ्याच्या डोळ्याची जखम उरलेल्या मूलपेशी काही दिवसांत भरून काढतात, हे मी आता दर वर्षी शिकवते. त्या दिवशी त्या खोलीत ते डॉक्टरांना आणि मला ठाऊक होते. धाकटीला नव्हते. डॉक्टरांनी समजावण्याआधीच ती हो म्हणाली. तिला वाटले होते, डोळाच जाणार.

त्या क्षणभराच्या शांततेत बोलायला हवे होते ते मी. तुम्हाला दिसत नव्हते, पण माझे गप्प राहणे तुम्हाला ऐकू आले होते का? म्हणून मला सोडवलेत, की माझे काम खरोखर मोलाचे वाटले? उत्तर लेखी हवे, तुमच्याच अक्षरात. धाकटीकडून लिहवून घेतलेले मी स्वीकारणार नाही.