मटकीच्या मोडातलं औषध

१२ फेब्रुवारी २०१८

मेले! जंतू वाढवलेल्या प्लेटवर थेंबाभोवती स्वच्छ गोल पडलाय – त्यात एक जंतू शिल्लक नाही.

मोड आलेल्या मटकीतला पेप्टाइड. प्रथिनाचा एवढासा तुकडा. मास स्पेक्ट्रोमीटरने असे हजारो तुकडे मोजले, त्यांचे क्रम आम्ही वाचले आणि लॅबमधल्या आयुषच्या मशीन लर्निंगच्या प्रोग्रॅमने त्यातला हा नेमका वर काढला – हा जंतू मारेल म्हणून. त्याच क्रमाचा तुकडा बाहेरून बनवून आणला, लावला. मारले की! वनस्पतींच्या कुठल्याच डेटाबेसमध्ये हा नाही. म्हणजे नवाच!

पद्मजा मॅडम माझ्या गाइड, पण त्यांच्या तोंडून कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. आज म्हणाल्या, "बरं दिसतंय." म्हणजे सत्कारच झाला.

घरी बाबांना सांगितलं. मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या पायाची जखम भरतच नाहीये. बूट चढत नाही, म्हणून दारूगोळा फॅक्टरीतून रजेवर. दिवसभर खडकीच्या क्वार्टरच्या खिडकीत बसून असतात. "मटकी? आपण खातो ती?" तीनदा विचारलं. किती दिवसांनी हसले.

२० फेब्रुवारी

शोधनिबंध छापायला गेला, लगेच मॅडमनी वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलावलं. आज बातमी – 'मटकीच्या मोडात जखमेवरचं औषध!' शेजारी माझा फोटो, डोळे अर्धे मिटलेले.

"मॅडम, जखमेवर आपण कुठे तपासलंय? नुसती प्लेट झालीये."

"वाचकांना प्लेट म्हटलं की जेवणाची वाटते, नम्रता."

बाबा रविवारी कात्रण बुद्धविहारात घेऊन जाणार म्हणे. सगळ्यांसमोर वाचणार. मी नको म्हटलं. फार जोरात नाही म्हटलं.

२६ फेब्रुवारी

आयुषने दुपारी जिन्यात गाठलं. नजर चुकवत होता.

"अगं, मी जस्ट एकदा ह्यूमन डेटाबेसवर सर्च मारला. हंड्रेड पर्सेंट मॅच."

"कशाशी?"

"घामाशी."

माणसाच्या घामात असतो हा पेप्टाइड. जंतू मारतो, हेही कित्येक वर्षं माहीत आहे. प्रोग्रॅमचं काही चुकलं नाही. आम्ही फक्त वनस्पतींमध्ये शोधलं आणि सापडला नाही म्हणून नाचलो. मोड मी वाटले, मी गाळले. एसी बंद होता तेव्हा. कपाळ मनगटाने पुसत होते, तेही आठवतंय.

माझा घाम!

२८ फेब्रुवारी

मटकी न घालता नुसतं पाणी त्याच भांड्यांतून, त्याच हातांनी नेलं आणि मशीनवर चढवलं. तोच पेप्टाइड. आता शंकेला जागा नाही.

मॅडमना दाखवलं. त्यांनी स्क्रीन बंद केली. मग – "आधी जर्नलचे रिव्ह्यू येऊ देत. तोवर कुणाला काही बोलायचं नाही."

"पण बातमी, मॅडम –"

"बातमीत दुसऱ्या दिवशी भेळ बांधतात. तुला यंदा थीसिस सबमिट करायचाय ना?"

हो म्हटलं. मान हलवली आणि बाहेर आले.

१ मार्च

घरी सांगायचं ठरवून आले. बाबांनी कात्रण लॅमिनेट करून आणलंय. उद्या सांगेन.

४ मार्च

नाही सांगितलं.

८ मार्च

कालपासून बाबांना ताप, थंडी. आज रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि आधी तो वास आला – तो कसा लिहू?

"हे हिरवट काय लावलंय?"

आई खाली बघायला लागली. बाबा तापाने थरथरत होते, तरी आवाज ताठ – "माझ्या मुलीचं औषध आहे, डॉक्टर. पेपरात आलंय."

मटकीचे मोड. आई रोज वाटून देत होती, बाबा बांधत होते. हॉस्पिटलच्या गोळ्या केव्हाच बंद. कॉरिडॉरमध्ये आई म्हणाली, "तुला बरा होऊन दाखवतो म्हणाले. आधी सांगू नकोस म्हणाले."

आम्ही दोघंही गप्प होतो. एकाच घरात. मी बातमीवरून, ते पट्टीवरून.

१० मार्च

डावा पाय गुडघ्याखाली काढला. सही आईने केली.

मॅडमचा मेसेज – 'काळजी घे.' त्याखाली लगेच दुसरा – 'रिव्ह्यू छान आलेत!'

११ मार्च

जर्नलला मेल पाठवला. पाण्याचा तो निकाल जोडला, खाली माझं नाव. मॅडमना कॉपी. त्यांचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही.

आयुषला सांगितलं. "माझंही नाव टाकायचंस ना," म्हणाला आणि रडला.

१३ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. घाम, पाणी, मॅडम, माझं गप्प बसणं. छताकडे बघत ऐकत होते. ओरडतील असं वाटलं – ओरडायला हवं होतं.

मग माझा हात धरून उठायला लागले. "नमू, आत्ताच्या आत्ता वेणूबाईंकडे जा, त्यांच्याही पायाला जखम आहे. मग विहारात. तिथले चार-पाच जण जखमेवर मोड लावतायत – मीच सांगितलंय त्यांना."