सून आहे

८ जानेवारी

कुसुम आली की घर सुरळीत चालतं. सरकारी योजनेतली ही राजपुऱ्याची बाई रोज येऊन ह्यांना उठवते, अंघोळ घालते, धरून चालवते. लकव्यानंतर ह्यांचं डावं अंग गेलं, आणि माझ्या कमरेला ते वजन पेलत नाही. कुसुम आहे म्हणूनच हिमानीची — सुनेची — नोकरी टिकली. इथल्याच लालबाग भागात केळीच्या चिप्सच्या कारखान्यात ती हिशेब बघते. शाळेत अर्थशास्त्र शिकवताना मुलींकडून घोकून घेतलं होतं — सरकारचा एक खर्च चार घरं चालवतो. आता आमचंच चालतंय.

१९ जानेवारी

योजनेची मुलगी चौकशीला आली. नेमकी शेजारची वंदना येऊन बसलेली! "आंटी, घरात देखभाल करायला कोणी आहे का?" वंदना माझ्या तोंडाकडे बघतेय. मागेच टोमणा मारून झालाय — सून असून सासऱ्याला सरकारी बाई न्हाऊ घालते, वा!

मी ताठ सांगितलं, "आहे तर. सून आहे."

मुलगी गेली. वंदनाला आणखी एक चहा दिला.

२ फेब्रुवारी

कुसुम बंद! "घरात माणूस आहे तिथं आता जायचं नाही म्हणे, बाई."

मी म्हटलं, दुसरी घरं मिळतील. हसली. "कुठची घरं? पूर्ण वॉर्डात सगळ्या बोलल्या, बहू आहे. जरूरतच नाही, असं वर गेलं. मी चालली परत वखारीत, केळी धुवायला."

सरकारचा एक पगार वाचला. कुसुमचा बुडाला, आता हिमानीचाही बुडणार — ते कोण मोजतं?

३ फेब्रुवारी

ह्यांना उचलताना दोघं पडलो. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मी ह्यांच्यावरच ओरडले.

५ फेब्रुवारी

योजनेच्या दफ्तरात जाऊन आले. म्हटलं, चुकीचं सांगितलं मी, नाव परत घाला. कारकून म्हणाला, "अब तो अगले साल, माताजी."

हिमानीला सांगितलं, नोकरी सोडावी लागेल. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मला विचारायचं तरी होतं, आई." माझा मुलगा गौरव ताटात बघून जेवत होता. बायकोची बाजू घ्यायची तर तोंड उघडावं ना!

९ फेब्रुवारी

हिमानी रोजच्यासारखी डबा घेऊन निघाली. मी विचारलं, राजीनामा?

"दिला," गौरव म्हणाला. "मी दिला, दुकानातल्या नोकरीचा. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, आई. हिशेब तूच शिकवलास." बाह्या सरसावून बापाला उठवायला गेला.

वंदनाने भिंतीवरून विचारलं, आता कोण करतं त्यांचं?

मुलगा आहे, म्हटलं. आवाज दबला माझा. सून म्हणताना दबला नव्हता.