रिकामी गाडी

तात्या, मी कोण ते आठवतंय ना? मुंडासं डोक्याला बांधून तेच घरभर शोधणारे तुम्ही, म्हणून आधीच सांगते, तुमची थोरली लेक. मी 'न्हाई' म्हणते आणि नात 'नाही' लिहिते, तेव्हा भाषा तिची, राग माझा.

ही नात चार माणसांचं छोटं विमान चालवते. पोटासाठी नाही, हौसेनं. बाळंतपणात दोन वर्षं खंड पडला. मागच्या आठवड्यात पुन्हा विमानतळावर गेली, लेकराला धरायला मला राहुरीहून नेलं. तिला शिकवणारे सर म्हणाले, "लायसन चालू आहे, पण हात बघू." आणि शेजारी बसले. मी कडेला लेकरू घेऊन उभी. उतरताना विमान जमिनीवर आपटून दोनदा टणाटण उडालं. ही घाम पुसत खाली आली. मीच विचारलं, "पोर इसरली का हो?"

"थोडं विसरल्यात, आजी. दोन-तीन दिवस मी बरोबर बसतो. मग ठरवू, एकटीनं जायचं का."

तिथंच मला तुमचा बैल आठवला. पाय मुरगळून दोन महिने दावणीला होता. त्याला तुम्ही एकदम मोटेला जुंपलं नाही. आठ दिवस रिकामी गाडी ओढायला लावलीत, मागून चाल बघत चालायचात. आणि मी? शाळेत घातलं त्याच महिन्यात मुदतीचा ताप आला, दिवाळीपर्यंत अंथरुणात. बरी झाले, पाटी पुसून दारात उभी, तर तुम्ही म्हणता, "गुरुजी नको म्हणत्यात." मी खरं मानलं. गुरुजी दिसले की वाट बदलायची. माझ्या लग्नात अक्षता टाकायला आले तेव्हा तेच म्हणाले, "परत का नाही आलीस गं? तुझे वडील सांगून गेले, तापात पोरगी सगळं विसरली." मी मांडवात तुम्हाला शोधलं. तुम्ही पाहुण्यांना पान देण्यात गुंतलेले.

गावभरची जनावरं पारखायला तुम्हाला न्यायचे, तात्या. माझ्यापुढं एकदा पाटी धरायची होतीत.

नात म्हणते, एकटीला अजून सोडलं नाही, पण वाईट वाटलं नाही. कशाला वाटेल, तिचा हात बघितला तरी.

आता खरं सांगते. त्या दिवशी विचारलं असतंत, तर मला 'ग' सुद्धा आला नसता.

बास, पोरी. हे कुठं धाडायचं नाही, घडी करून ठेव. आणि परवा सरांना बाजरीची कडक भाकरी ने, शेंगांची चटणी वेगळ्या डब्यात. भाकरी मी थापीन, तुझ्या जाड होतात.