मावशीचं "हं"

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा प्रत्यक्षात मान तुकवली एवढंच, बाकीचं धरून चाल.) तुझा गुडघा कसा आहे? काकांची कवळी सापडली का? पंधरा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र तरी मधेच कट करता येत नाही.

त्या दिवशीचं सगळं सांगते. प्रकाशकांनी माझ्या नव्या पुस्तकाचं ऑनलाइन वाचन ठेवलं होतं, मग गप्पा. संपादिकाबाईंनी बजावलेलं, मागे पुस्तकं दिसू द्या आणि चेहऱ्यावर उजेड हवा. आमच्या पुस्तकांसमोर खुर्ची मावत नाही, म्हणून चादरींचं कपाट रिकामं करून त्यात पुस्तकं रचली. उजेडासाठी तुझे जावई टेबललॅम्प धरून उभे राहिले. (त्यांचा हात भरून येत गेला तसतसा उजेड खाली उतरला. शेवटी माझी फक्त हनुवटी साहित्यसेवा करत होती.)

त्रेचाळीस माणसं आली होती. त्यात एका चौकोनात तू, आणि ते समीक्षक, जे स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत. मी पहिलं वाक्य वाचलं आणि तू म्हणालीस, "हं." दुसऱ्याला, "हं, मग?" आता त्या यंत्राची रीत अशी, की ज्याचा आवाज येईल त्याचं चित्र मोठं होतं. त्यामुळे दर वाक्याला मी गायब आणि पडदाभर तुझं कपाळ, वर फिरणारा पंखा. कुणीतरी लिहून विचारलं, या ज्येष्ठ लेखिका कोण? यात तुझा काय दोष? तू शिवणयंत्रावर बसायचीस आणि मी खाली चिंध्यांत बसून गोष्ट रचायचे, तेव्हा तोंडात टाचण्या असल्या तरी तुझं "हं" कधी चुकलं नाही. ते नाही आलं की माझी गोष्ट तिथेच अडायची.

तिसऱ्या पानावर गोष्टीतली बाई दारात उभी राहिली आणि तुला राहवलं नाही. "अगं, पण त्या बाईला घरात घेतलं की नाही?" त्यावर संपादिकाबाईंनी तुझा आवाज बंद केला. कोपऱ्यातल्या चौकोनात तुझे ओठ हलत राहिले. मग तुला कळलं. तू चष्मा काढलास, पदराने पुसलास आणि निघून गेलीस. पुढची पानं मी वीजबिल वाचावं तशी वाचली. समीक्षक म्हणाले, "उत्तरार्ध सपाट आहे." संपादिकाबाई आगाऊच, दुसरं काय!

तुझी,
धाकटी

ता. क. संपादिकाबाई आगाऊ नाहीत. "त्या बाईंचा आवाज बंद करा," असा निरोप त्यांना मीच टाइप करून पाठवला. माझी मावशी आहे, असंसुद्धा लिहिलं नाही. तेव्हा समीक्षकांसमोर लाज वाटली. आता आरशासमोर वाटते.

ता. क. २. रविवारी दुपारी चारला पुन्हा वाचन आहे. माझ्या मावशीचा आवाज चालूच राहील, असं संपादिकाबाईंना सांगून ठेवलंय. पहिलं वाक्य वाचून मी थांबेन. तू "हं" म्हणालीस तर दुसरं वाचेन. नाहीतर सगळ्यांना घेऊन तशीच बसून राहीन, आणि त्या बाईला घरात घेतलं की नाही, ते कुणालाच कळायचं नाही.