सुषमा माझ्या पाठीशी आहे म्हणे

रविवार, संध्याकाळ

चिडचिड जात नाही म्हणून लिहितेय. चेअरमननी सोसायटीच्या गच्चीला कुलूप लावलंय, वर फक्त त्यांच्या कुंड्या. त्यावरून सगळ्यांत जास्त तणतण केली ती समोरच्या सुषमाने. मीटिंगमध्ये तूच बोल म्हणाली आणि सकाळी मेसेज टाकला, "आय हॅव गॉट युअर बॅक." मुक्ताला अर्थ विचारला. लेक म्हणाली, "आई, म्हणजे ती तुझ्या पाठीशी आहे." केवढं बरं वाटलं मला!

बोलले. चेअरमन म्हणाले, "आणखी कोणाची तक्रार आहे?" मी सुषमाकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं काही नाही हो. हिलाच जरा जास्त मनाला लागतं."

हिलाच?

आता मुक्ता म्हणते, "अगं, तसं सगळेच म्हणतात. इतकं खरं धरायचं नसतं." म्हणजे पाहुण्याने चपला घातल्या की आपण दारात म्हणतो ना, "जेवूनच जायचं होतं," तसलंच हे! मग सकाळी का नाही सांगितलंस? आणि मी तरी काय, इंग्रजीत म्हटलं म्हणून विश्वास ठेवला?

मगाशी सुषमा आली, काही झालंच नाही अशी. कुकर होत आला होता. ती बोलत राहिली, मी हूं हूं करत राहिले. शेवटी उठली, चपला घातल्या. मी दारात उभी राहून अगदी गोड आवाजात म्हटलं, "अगं, जेवूनच जायचं होतं."

तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तिला असं कधी म्हटलं नव्हतं. मी सरळ ताट वाढायचे.