अनुप्रासासाठी काढलेलं नाव

दिघंची,
२० नोव्हेंबर १९६६

ती. दादास,

रंगूचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे पत्रात लिहितात तेवढे बरे. यंदाही पाऊस नावालाच झाला. आबा मेंढरं घेऊन माळावर आहेत.

तू शिकवतोस त्या शाळेचा वार्षिकांक काल पोस्टाने मिळाला. मॅट्रिकसाठी त्यातला तुझा अलंकारांवरचा लेख पाठ कर, असं तू लिहिलंस. पाठ झाला. आता त्याबद्दल बोलते. राग आला तर येऊ दे, मला कालपासून आलेलाच आहे.

उपमा, उत्प्रेक्षा, यमक सगळं छान समजावलंस. पण अनुप्रासाला म्हणून जी ओवी दिलीस, तिच्याखाली छापलंय, 'एका अशिक्षित ग्रामीण वृद्धेकडून मिळालेली'. दादा, ती वृद्धा आपली आई आहे. मागे आला होतास तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलीस ती ही ओवी.

तू छापलीस ती अशी:

पाखरं गेली रानाला, साद कानी पडेना
बाळ बाई बाहेरगावी, वाट त्याला गवसेना

आई जात्यावर म्हणते ती अशी:

मेंढरं माझी माळाला, हाक ऐकू येईना
कृष्णात माझा साताऱ्याला, वाट त्येला घावंना

मेंढरांची पाखरं कशाला केलीस? तुझ्या शाळेतल्या मास्तरांना छापील मेंढरांचाही वास येतो का? आणि जात्यावर नाव घ्यायचं ते त्या माणसाला आयुष्य लाभावं म्हणून, हे मी तुला सांगायचं? ते तुझं नाव तू आपल्याच हाताने काढलंस. तिथे 'बाळ बाई बाहेरगावी' घातलंस आणि वर लिहिलंस की 'ब' या वर्णाच्या पुनरावृत्तीने पाहा किती गोड नाद निर्माण झाला आहे. आईच्या ओळीत 'म' होताच की. तो पुसलास आणि स्वतःची पाठ थोपटून घेतलीस.

पुढे तर कहर केलास. 'जाणत्या मुलाला घराची वाट सापडू नये हे संभवत नाही, म्हणून येथे अतिशयोक्तीही आहे.' कुठे आहे ती, दाखव मला. गेल्या दिवाळीला तू आला नाहीस, यंदाही नाही. एस.टी. गावापर्यंत येते. परीक्षेत हीच ओवी आली तर, आहे तसं सांगितलंय म्हणून, मी स्वभावोक्ती असं लिहीन. गुण गेले तर जाऊ देत.

हे सगळं मी मनातच ठेवणार होते. पण अंक आला म्हटल्यावर आईला मी लेखावरचं तुझं नाव दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाचून दाव की गं." मला टाळता आलं नाही. अर्थ सांगत सांगत ओवीपर्यंत आले. ती वाचली तशी आई दळायचं निवडता निवडता थांबली.

"ही कुना माऊलीची गं?" म्हणाली. "लय एकटी दिसतीया बिचारी. तिच्या लेकाला कुनीतरी कागद धाडा म्हणावं."

ती तिचीच आहे, हे मला सांगवलं नाही. ते तू येऊन सांग. तिने म्हटलं म्हणून त्या लेकाला हा कागद धाडते आहे.

तुझीच बहीण,
रंगू